पायांखालचें कवच



देशावरच्या एखाद्या गांवीं विहीर खणली जात असतां जो कोणी काठावर उभा राहिला असेल, त्याला पृथ्वीच्या थरांचा पहिला पाठ आपोआप मिळालेला असतो. वर हात-दोन हात काळी माती निघते. तिच्याखालीं मुरूम लागतो. मुरुमाखालीं मांजऱ्या, आणि त्याच्याहि खालीं काळा फत्तर. येथपर्यंत आल्यावर पहार नुसती खणखणते, सुरुंगाची भाषा सुरू होते, आणि पाणी लागलें कीं सर्वांचें समाधान होऊन काम थांबतें. काठावर एखादें लहान मूल असेल, तर त्याचें मात्र समाधान झालेलें नसतें. ‘याच्या खालीं काय आहे? आणि त्याच्याहि खालीं?’ असें तें विचारीत राहतें. वडील माणसें ‘पाताळ आहे’ असें सांगतात, किंवा ‘आंत सगळा तापलेला रस आहे’ असें म्हणून मोकळीं होतात. यांपैकीं पहिलें उत्तर पुराणांतलें आहे. दुसरें शास्त्रांतलें वाटतें खरें, परंतु तेंहि बव्हंशीं चुकीचेंच आहे.

त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर आज आपणांपुढें मांडावें, असा माझा विचार आहे. ज्या कवचावर आपण घरें बांधतों आणि शेतें नांगरतों, तें किती जाड आहे? त्याच्या खालचे थर कोणते? आणि मुख्य म्हणजे, तेथें कधींहि न गेलेल्या माणसाला तें समजलें तरी कसें?

प्रथम खणण्याचाच मार्ग पाहूं. भूपृष्ठापासून पृथ्वीच्या मध्यापर्यंतचें अंतर सुमारें ६,३७१ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ४,००० मैल आहे. माणसानें स्वतः उतरून काम केलें आहे, तें दक्षिण आफ्रिकेंतील सोन्याच्या खाणींत. त्यांतील सर्वांत खोल खाण सुमारें ४ किलोमीटरांची आहे. माणूस न उतरतां नुसतें छिद्र पाडावयाचें म्हटलें, तर त्यांत सर्वांत प्रसिद्ध प्रयत्न रशियाच्या वायव्येकडील कोला द्वीपकल्पावर झाला. १९७० सालीं तेथें खडकांत वीतभर रुंदीचें छिद्र पाडण्यास आरंभ झाला. १५ किलोमीटर गांठावयाचे, असा संकल्प होता. १९८९ सालीं तें १२,२६२ मीटरांपर्यंत पोहोंचलें आणि तेथेंच थांबलें. त्या खोलीवर उष्णता १०० अंशांच्या आसपास असावी, असें अनुमान होतें. प्रत्यक्षांत ती सुमारें १८० अंश निघाली. खडक इतका मऊ व चिवट झाला कीं, केलेलें छिद्र पुन्हां बुजूं लागे. जवळजवळ वीस वर्षांच्या त्या खटपटीनें तेथल्या कवचाचा एक तृतीयांश भागहि भेदला गेला नाहीं.

अमेरिकनांनीं दुसरी युक्ति योजली होती. समुद्राच्या तळाशीं कवच पातळ असतें, तेव्हां तेथूनच भोंक पाडावें, असा त्यांचा बेत होता. १९६१ सालीं मेक्सिकोच्या पश्चिमेस, ग्वादालूप बेटाजवळ, साडेतीन हजार मीटर पाण्याखालीं त्यांनीं तळ भेदून पाहिला. तळाखालीं ते १८३ मीटर गेले. पुढें खर्च वाढला, वाद माजले, आणि १९६६ सालीं तेथल्या विधिमंडळानें पैसा बंद केला. सारांश, कवचाचा तळ अजूनपर्यंत कोणींहि पहारीनें किंवा यंत्रानें गांठलेला नाहीं.

मग तो कळला कसा? बाजारांत मडकें घेतांना गृहिणी काय करतात, तें आठवावें. त्या मडकें फोडून पाहत नाहींत. टिचकी मारतात आणि आवाज ऐकतात. पृथ्वीच्या बाबतींतहि शास्त्रज्ञांनीं हेंच केलें. फरक इतकाच कीं, येथें टिचकी मारणें माणसाच्या हातीं नव्हतें. ती भूकंपानें मारली.

भूकंप झाला म्हणजे त्याच्या केंद्रापासून दोन प्रकारच्या लहरी पृथ्वीच्या पोटांतून निघतात. पहिल्या प्रकारांत खडकाचे कण लहरीच्याच दिशेनें मागेंपुढें ढकलले जातात. आगगाडीच्या डब्यांना इंजिनाचा धक्का बसला म्हणजे तो डब्याडब्यांतून शेवटपर्यंत जातो, तसा हा प्रकार आहे. या लहरी आधीं पोहोंचतात म्हणून त्यांना प्राथमिक लहरी म्हणतात. दुसऱ्या प्रकारांत कण आडवे हलतात, जशी झटकलेली दोरी हलते. या दुय्यम लहरी मागाहून येतात, आणि त्यांचा विशेष असा कीं, त्या द्रव पदार्थांतून जाऊंच शकत नाहींत. त्यांचा हा एक गुण पुढें फार उपयोगी पडला.

दूरच्या यंत्रांवर या लहरी वेगवेगळ्या ओळखल्या जाण्यास आपल्याच देशांतील एक मोठा उत्पात कारण झाला. १२ जून १८९७ रोजीं आसामांत प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यांतील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनीं त्याचा कसून अभ्यास केला. हजारों मैल दूर युरोपांतील यंत्रांनीं त्या धक्क्याच्या ज्या रेघा काढल्या होत्या, त्यांत प्राथमिक, दुय्यम आणि पृष्ठभागावरून येणाऱ्या लहरी एकामागून एक आलेल्या त्यांना स्पष्ट दिसल्या. याच मार्गानें पुढें जाऊन १९०६ सालीं त्यांनीं असा निष्कर्ष काढला कीं, पृथ्वीच्या मध्यभागीं निराळ्या द्रव्याचा एक गाभा असला पाहिजे.

परंतु आपला प्रश्न कवचाचा आहे. त्याचें उत्तर झाग्रेब शहरीं मिळालें. झाग्रेब हल्लीं क्रोएशियाची राजधानी आहे. त्या वेळीं तें ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यांत होतें. तेथल्या वेधशाळेचे प्रमुख आंद्रिया मोहोरोविचिच हे मूळचे हवामानाचे अभ्यासक. ८ ऑक्टोबर १९०९ रोजीं शहराच्या दक्षिणेस कुपा नदीच्या खोऱ्यांत भूकंप झाला. मोहोरोविचिच यांनीं युरोपांतील निरनिराळ्या वेधशाळांतून त्याच्या नोंदी मागवून घेतल्या आणि त्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या. त्यांना आढळलें तें असें कीं, कांहीं ठाण्यांवर प्राथमिक लहरींची एकच टोळी पोहोंचण्याऐवजीं दोन निरनिराळ्या टोळ्या आल्या आहेत. एकाच धक्क्याच्या, एकाच जातीच्या लहरी, मग त्या दोनदां कशा आल्या?

त्यांनीं दिलेली उपपत्ति एका साध्या दृष्टान्तानें समजेल. समजा, एका गांवाहून दोन इसम एकाच क्षणीं निघाले. एक बैलगाडींत बसून सरळ रस्त्यानें निघाला. दुसरा आडवाटेनें आधीं स्टेशनावर गेला आणि तेथून आगगाडींत बसला. जवळच्या गांवीं बैलगाडीवालाच आधीं पोहोंचणार, कारण दुसऱ्याचा वेळ स्टेशन गांठण्यांतच जातो. दूरच्या गांवीं मात्र आगगाडीवाला त्याला मागें टाकणार. दोघांचे वेग ठाऊक असले, आणि कितव्या मैलावर दोघे बरोबरीनें पोहोंचतात हें कळलें, तर स्टेशन मूळ गांवापासून किती दूर होतें, तें गणितानें काढतां येतें. तेथें जाण्याची गरज पडत नाहीं.

लहरींचेंहि असेंच आहे. कांहीं लहरी वरच्या खडकांतून सेकंदाला सहा किलोमीटरांच्या आसपास वेगानें सरळ आल्या. कांहीं खालीं उतरल्या, तेथें त्यांना अधिक घन व कठीण खडक लागला, त्यांतून त्या सेकंदाला आठ किलोमीटरांच्या आसपास वेगानें धांवल्या, आणि पुन्हां वर आल्या. दोन खडकांमधली ती सीमा मोहोरोविचिच यांच्या गणितानें ५४ किलोमीटर खोल निघाली. तीच कवचाची खालची हद्द. या शोधकर्त्याच्या नांवावरून तिला ‘मोहोरोविचिच सीमा’ म्हणतात. आणि जगांतील भूशास्त्रज्ञांना तेवढा उच्चार जड गेल्यामुळें व्यवहारांत तिचें नुसतें ‘मोहो’ झालें आहे.

मोहोच्या खालीं जो थर लागतो, त्याला प्रावरण म्हणतात. तो सुमारें २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत पसरला आहे. ही खोली १९१४ च्या सुमारास बेनो गुटेनबर्ग यांनीं निश्चित केली. त्याच्याखालीं गाभा. दुय्यम लहरी गाभ्यांतून जात नाहींत, तेव्हां तो द्रव असला पाहिजे, हें १९२६ सालीं हॅरल्ड जेफ्रीज यांनीं दाखवून दिलें. पुढें १९३६ सालीं डेन्मार्कच्या इंगे लेहमान या विदुषीनें गाभ्याचाहि भेद केला. जेथें लहरी पोहोंचूं नयेत अशा प्रदेशांत त्या क्षीण रूपानें उमटल्या होत्या. त्यावरून गाभ्याच्या आंत आणखी एक गाभा आहे, असें बाईंनीं ताडलें. तो सुमारें ५,१५० किलोमीटरांपासून मध्यापर्यंत असून घन आहे. गाभा मुख्यत्वें लोखंडाचा आहे. त्यांत कांहीं निकेल आहे.

आतां ‘आंत सगळा रस आहे’ या समजुतीचा निकाल लागतो. प्रावरणांतून दुय्यम लहरी बिनतक्रार जातात. म्हणून प्रावरण द्रव नाहीं. तें खडकच आहे. ज्वालामुखींतून जो रस वर येतो, तो प्रावरणाच्या वरच्या भागांत किंवा कवचांत, दाब कमी झाल्यामुळें किंवा पाण्याच्या संपर्कामुळें, ठिकठिकाणीं थोडा खडक वितळून झालेला असतो. मात्र हा घन खडकहि लाखों वर्षांच्या हिशेबानें हळूहळू वाहतो. डांबराचा थंड गोळा हातोडीनें फोडला तर त्याचे तुकडे होतात. तोच महिनोन्‌महिने तसाच ठेवला तर तो आपल्याच वजनानें पसरतो. प्रावरणाची वागणूक कांहींशी तशीच आहे.

आतां जाडीचे आंकडे सांगतों. महासागरांखालीं कवच सरासरीनें ६-७ किलोमीटरच जाड आहे. तें बेसाल्टाच्या जातीच्या काळ्या, जड खडकाचें आहे, आणि त्याचा बहुतेक भाग २० कोटी वर्षांहून जुना नाहीं. खंडांखालीं तें सरासरीनें ३५ ते ४० किलोमीटर जाड असतें. त्याचा वरचा भाग ग्रॅनाइटासारख्या हलक्या खडकांचा असतो आणि खालचा त्याहून जड खडकांचा. खंडांतील कांहीं खडक ४०० कोटी वर्षांपूर्वींचे आहेत. तिबेटच्या पठाराखालीं मात्र हीच जाडी ७० किलोमीटरांच्या घरांत जाते. आंकड्यांनीं कल्पना येत नसेल, तर पृथ्वीचा पुरुषभर उंचीचा, दोन मीटर व्यासाचा, एक गोळा करावा. त्यावर महासागरांखालचें कवच सुमारें एक मिलिमीटर, खंडांखालचें साडेपांच-सहा मिलिमीटर, आणि तिबेटखालचें अकरा मिलिमीटर भरेल. कोला येथील तें प्रसिद्ध छिद्र दोन मिलिमीटरांचें होईल.

डोंगरांखालीं कवच अधिक जाड कां, हें कोडेंहि प्रथम हिंदुस्थानांतच उभें राहिलें. गेल्या शतकाच्या मागील शतकांत येथें त्रिकोणमितीची मोठी मोजणी चालली होती. उत्तरेकडील कलियाना आणि मध्य हिंदुस्थानांतील कलियानपूर या दोन ठाण्यांमधलें अक्षांशांचें अंतर जमिनीवर मोजून एक येई, आणि ताऱ्यांवरून काढून दुसरें. फरक ५ विकलांहून थोडा अधिक होता. ताऱ्यांचे वेध ओळंब्यावर अवलंबून असतात. आणि हिमालयासारखा प्रचंड डोंगर शेजारीं असतांना तो ओळंब्याला आपल्याकडे ओढणार, हें उघड आहे. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनीं १८५५ सालीं ती ओढ मोजून पाहिली. हिशेबानें ती जवळजवळ १६ विकला यावयास हवी होती. म्हणजे प्रश्न उलटाच झाला. डोंगर ओळंब्याला इतका कमी कां ओढतो?

त्याच वर्षीं इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनीं उत्तर सुचविलें. पाण्यावर तरंगणारा ओंडका जितका वर दिसतो, त्याहून पुष्कळ अधिक पाण्यांत बुडालेला असतो. त्याचप्रमाणें हलकें कवच खालच्या जड द्रव्यावर तरंगतें आहे. आणि जेथें डोंगर उंच, तेथें त्याचें हलकें मूळहि खोल रुतलेलें असतें. वरच्या डोंगराचें वस्तुमान जास्त, पण खालच्या मुळामुळें तेथलें वस्तुमान कमी, म्हणून ओळंब्याची ओढ कमी. मोहोरोविचिच यांच्या लहरी ऐकल्या जाण्यापूर्वीं अर्धशतक एका ओळंब्यानें हें गुपित फोडलें होतें. सुमारें ५ कोटी वर्षांपूर्वीं हिंदुस्थानचा भूखंड आशियावर आदळूं लागला, कवच कवचाखालीं शिरलें आणि चुरगळलें. हिमालय आणि तिबेट यांखालची जाडी त्याचेंच फळ आहे.

येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. जे भूखंड सरकतात असें आपण ऐकतों, ते केवळ कवचाचे नसतात. कवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा ताठर वरचा भाग मिळून जें शिलावरण होतें, त्याचे ते तुकडे आहेत. शिलावरणाची जाडी साधारणपणें शंभर किलोमीटरांच्या आसपास असते. जुन्या खंडांखालीं ती त्याहूनहि अधिक असते.

आतां पुन्हां आपल्या विहिरीच्या काठावर येऊं. आपला काळा फत्तर म्हणजे सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं भेगांतून वाहत आलेला लाव्हा. त्याचे थर एकावर एक साचून दख्खनचें पठार झालें. आज तो सुमारें ५ लाख चौरस किलोमीटरांवर उरला आहे. सह्याद्रीच्या कड्यावर जे आडवे पट्टे दिसतात, ते हेच थर. हा फत्तर पाताळापर्यंत गेला आहे, असें विहीर खणणाऱ्यास वाटतें. परंतु तो केवळ वरची साय आहे. कोयनेच्या परिसरांत ३ किलोमीटर खोल छिद्र पाडण्यांत आलें, तें २०१७ सालीं पूर्ण झालें. तेथें सुमारें सव्वा किलोमीटरावर बेसाल्ट संपला आणि त्याच्याखालीं अतिप्राचीन ग्रॅनाइट-नाइस लागला. पूर्वेस जावें तसतसा हा थर पातळ होतो. लातूर जिल्ह्यांत किल्लारी येथें तो ३३८ मीटरच भरला. १९७० नंतरच्या दशकांत हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं कोयनेच्या प्रदेशांत सुरुंग उडवून त्यांच्या लहरी मोजल्या, तेव्हां मोहो ३५ ते ४० किलोमीटरांवर सांपडला.

म्हणजे आपल्या पायांखालीं चाळीस किलोमीटरांपर्यंत खडक, त्याखालीं शेंकडों कोटी वर्षें टिकलेलें ताठर शिलावरण. अशा भूमीला शास्त्रज्ञ ‘ढाल’ म्हणतात. ढाल म्हटल्यावर मनुष्य निर्धास्त होतो. आणि कित्येक वर्षें येथें सर्वच निर्धास्त होते. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे कोयनेस ६.३ तीव्रतेचा धक्का बसला. पावणेदोनशेंच्या वर माणसें गेलीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपतिविसर्जनाच्या रात्रीनंतर पहांटे चारच्या सुमारास, किल्लारीस ६.२ तीव्रतेचा धक्का बसला. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, आतांचा धाराशिव, या जिल्ह्यांत सुमारें आठ हजार माणसें झोंपेंतच गाडलीं गेलीं. दोन्ही धक्के कवचाच्या अगदीं वरच्या भागांत, दहा-बारा किलोमीटरांच्या आंत, उगम पावले. हिंदुस्थानचा भूखंड आजहि वर्षाला सुमारें ५ सेंटिमीटर उत्तरेकडे रेटला जात आहे. त्या रेट्याचा ताण जुन्या खडकांतहि सांठतो. आणि जेथें जुनी भेग असेल, तेथें तो मोकळा होतो. कोयनेस धरणाच्या पाण्याचीहि त्यांत भर पडली, असें बहुतेक अभ्यासकांचें मत आहे.

किल्लारीचीं घरें आठवा. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती, चिखलांत रचलेल्या. वर लांकडी तुळया आणि फूट-दीड फूट मातीचें माळवद. उन्हाळ्यांत थंड, हिंवाळ्यांत ऊबदार. पिढ्यान्‌पिढ्या लोक त्यांत सुखानें नांदले. त्या भिंती पाहून कोणालाहि वाटेल कीं, यांहून भक्कम काय असावें? परंतु भिंतीच्या आंतल्या आणि बाहेरच्या दगडांना एकत्र धरून ठेवणारे लांब आडवे दगड बहुतेक ठिकाणीं नव्हते. धक्का बसतांच भिंत दोन बाजूंना सुटली आणि माळवद खालीं आलें. भूकंपाहूनहि भिंतींनीं आणि छपरांनीं अधिक जीव घेतले.

जी गोष्ट भिंतीची, तीच कवचाची. जाडी म्हणजे मजबुती नव्हे. चाळीस किलोमीटरांचा खडक असला तरी तो एकसंध नसतो. दोन-अडीच फुटांची भिंत असली तरी ती बांधलेली नसली तर नुसती रचलेलीच असते. कवचाच्या भेगा सांधणें माणसाच्या हातीं नाहीं. भिंतींतील दगड सांधणें, दारा-खिडक्यांच्या वरून घराभोंवतीं एक अखंड पट्टी बांधणें, माळवदावरची माती हलकी करणें, हें मात्र आहे. दरवर्षीं माळवद सारवतांना आणखी माती चढवीत जाण्याची संवय ज्या घरांत असेल, त्या घरांत आजच ती सोडून द्यावी, इतकी विनंति मी अवश्य करीन. शहरांतील श्रोत्यांना माळवद नसेल. त्यांनीं नवें घर घेतांना फरशीचा रंग विचारण्यापूर्वीं, इमारत भूकंपाच्या नियमांप्रमाणें बांधली आहे कीं नाहीं, हें विचारावें.

विहिरीच्या काठावरच्या मुलाला आपण आतां काय सांगावें? खालीं फत्तर आहे, त्याखालीं ग्रॅनाइट, त्याखालीं आणखी जड खडक. चाळीस किलोमीटरांवर मोहो, मग प्रावरण, आणि फार खालीं लोखंडाचा गाभा. हें सर्व कोणी पाहिलेलें नाहीं, ऐकलेलें आहे. आणि जें ऐकूं आलें, तें आसामांत, कुपेच्या खोऱ्यांत, पुष्कळदां कोणाचीं तरी घरें पडलीं तेव्हां ऐकूं आलें. त्या ज्ञानाची किंमत आधींच दिली गेली आहे. तें वापरलें नाहीं, तर ती किंमत पुन्हां द्यावी लागेल.